हरिपाठानंतरचा थेंब

काचबिंदूच्या औषधाने कुणालाही बरं वाटत नाही. तापाच्या गोळीने ताप उतरतो, ठणक्याच्या इंजेक्शनने ठणका थांबतो, तसं यात काही घडत नाही. उलट थेंब घातल्यावर डोळा चुरचुरतो, लाल होतो, घशात कडवट चव उतरते. नजर काल होती तेवढीच आज राहते आणि तेवढंच त्या औषधाचं काम असतं. नेत्रतज्ज्ञ म्हणून मी आधी सातारा जिल्ह्यात आणि मग सांगली-मिरजेत काम केलं. या सगळ्या काळात माझा सर्वांत जास्त वेळ ही एवढी गोष्ट माणसांना पटवण्यात गेला. ऑपरेशन हाताला वळण लागलं की जमतं. हे काम दर माणसागणिक नव्याने करावं लागतं.

या भागातल्या लोकांची डोळ्याच्या डॉक्टरकडून अपेक्षा मोठी असते, आणि तिला इतिहास आहे. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं. आंधळे आजोबा मिरजेला गेले आणि पट्टी सोडल्यावर नातवंडांची तोंडं ओळखायला लागले, अशी एक तरी गोष्ट कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत सांगितली जाते. ती मोतीबिंदूची गोष्ट आहे. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही, कारण तिथे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नसच सुकलेली असते. त्यामुळे मोठ्या आशेने जतहून, आटपाडीहून आलेल्या माणसाला “जे गेलं ते गेलं, राहिलंय ते राखू या” असं सांगावं लागतं. त्या वाक्यानंतर काही क्षण समोरचा माणूस माझ्याकडे बघत नाही, बरोबर आलेल्या मुलाकडे बघतो.

मग विचारतात, “पण म्याडम, बीपीची गोळी चालू हाय की. त्यानं हे प्रेशर बी कमी व्हईल ना?” हा प्रश्न इतक्यांदा येतो की हल्ली विचारायच्या आधीच मी उत्तर देते. रक्तदाब वेगळा, डोळ्यातला दाब वेगळा. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होतं आणि सतत बाहेर वाहून जातं. हे अश्रू नव्हेत, ते बाहेरचे. हे आतलं पाणी डोळ्याचा आकार टिकवतं, काही भागांना पोसतं. हौदात नळ चालू आहे आणि खाली मोरीतून पाणी जातंय, असं चित्र मी कागदावर काढते. मोरी तुंबत गेली की हौदातला दाब वाढतो. साधारण १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असणारा दाब पंचवीसवर, तिसावर जातो आणि मागच्या नसेला ते सोसत नाही. काहींची नस इतकी नाजूक असते की सतरा-अठरावरही सुकते, म्हणून नुसता आकडा बघून चालत नाही. नस बघावी लागते आणि नजरेचा घेर मोजावा लागतो.

औषधं याच हौदावर काम करतात. टिमोलॉल आणि डॉरझोलॅमाइड नळ बारीक करतात. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट ही मंडळी पाण्याला भिंतीतून झिरपायची दुसरी वाट मोठी करून देतात. ब्रिमोनिडीन दोन्हीकडे थोडं थोडं हात लावतं. पायलोकार्पीन मोरीचं तोंड ओढून उघडतं, आणि अलीकडे आलेली रिपासुडिल, नेटारसुडिल ही औषधं मोरीची जाळीच सैल करतात. शेतकऱ्याला हे चित्र ताबडतोब समजतं. बरेच जण पुढचा प्रश्नही बरोबर विचारतात: “मग मोरीच साफ का करत न्हाई?” तेही करता येतं, लेझरने किंवा ऑपरेशनने, आणि ते मी लपवत नाही. पण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात अजूनही थेंबानेच होते.

या औषधांच्या मागे मोठी वाटचाल आहे. १८७० च्या दशकात लुडविग लाकर या नेत्रतज्ज्ञाने आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेपासून मिळणारं द्रव्य काचबिंदूवर वापरलं. लाकर यांना स्वतःलाच काचबिंदू होता. त्याच सुमाराला पायलोकार्पीन आलं आणि पुढची शंभर वर्षं तेच मुख्य औषध राहिलं. दिवसातून चार वेळा घालायचं, त्याने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणार, कपाळ दुखणार, संध्याकाळ झाली की अंधारून येणार. माझ्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी पायलोकार्पीनवरच्या पेशंटला दिवेलागणीला गोठ्यात चाचपडताना बघितलंय. १९७८ मध्ये अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली आणि चाराच्या दोन वेळा झाल्या. १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट आलं आणि दोनाची एक झाली, रात्री झोपताना. चारावरून एकावर येणं ही शंभर वर्षांतली मोठी सोय आहे असं मला वाटतं. कारण आमच्याकडे औषध बंद पडतं ते बहुधा विसरण्याने, कंटाळण्याने आणि “आता काय दिसतंयच की” या समजुतीने.

आता एक गोष्ट जरा जवळून सांगते. म्हसवडकडचे एक आजोबा. आधी दुसरीकडे दाखवत होते. एका औषधाने दाब उतरेना म्हणून तिथे दुसरं दिलं, मग तिसरं. माझ्याकडे आले तेव्हा पिशवीत तीन बाटल्या, आणि दाब तरीही चढलेला. “घालताय ना रोज?” “व्हय की, येक दिस चुकवत न्हाई.” चौथं औषध लिहायच्या आधी मी म्हटलं, “माझ्यापुढं घालून दाखवा बघू.” आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, मान मागे टाकली, बाटली मुठीत धरली आणि अंगठा दाबला. आयुष्यभर नांगर धरलेला अंगठा तो, सांधे सुजलेले. बाटलीचं तोंड पापणीला टेकलं, पापणी घट्ट मिटली, आणि एकापाठोपाठ तीन थेंब गालावरून मिशीत गेले. आजोबांनी उपरण्याने गाल पुसला आणि समाधानाने म्हणाले, “ग्येलं बघा आत.”

एकही थेंब आत गेलेला नव्हता. बाटली मात्र पंधरा दिवसांत संपत होती आणि पुढच्या बाजारापर्यंत घरात औषधच नसायचं. तीन औषधं लिहिली होती, डोळ्यापर्यंत एकही पोचत नव्हतं. मी औषध वाढवलं नाही, उलट एक कमी केलं. त्यांना खाटेवर उताणं झोपवलं, डोळे मिटायला सांगितले, आणि नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, मिटलेल्या पापणीवरच एक थेंब ठेवला. मग सांगितलं, “आता डोळा उघडा.” उघडताच थेंब आपोआप आत उतरला. बरोबर सातवीतली नात होती. तिच्याकडून कृत्रिम अश्रूंच्या बाटलीने हे पुन्हा पुन्हा करून घेतलं. पुढच्या खेपेला दाब उतरलेला होता. ती नात तपासणीच्या खोलीत आजोबांच्या आधी येऊन उभी राहिली, कारण औषधाचं खातं आता तिच्याकडे होतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तो मी शिकाऊ डॉक्टरांनाही आग्रहाने सांगते: दाब उतरत नसेल तर चिठ्ठी लिहायच्या आधी थेंब घालताना बघा. औषधाच्या ताकदीवर आपण तासभर चर्चा करतो, आणि ते ज्या हाताने पडायचं त्या हाताकडे अर्धा मिनिटही बघत नाही. हे मला मनापासून खटकतं.

थेंबाचं गणितही लोकांना सांगण्यासारखं आहे. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्याच्या खाचेत तेवढासुद्धा पुरता मावत नाही. त्यामुळे दोन थेंबांनी दुप्पट गुण येत नाही. दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं तरी जाऊ द्यावीत. आणि थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरावा. तिथे एक नळी असते, ती डोळ्यातून नाकात उतरते. घशाला कडू लागतं ते त्याच वाटेने. कडू लागण्यावर निभावलं तर ठीक, पण नाकाच्या आतल्या त्वचेतून औषध थेट रक्तात जातं, गोळीसारखं आधी यकृतातून गाळून जात नाही.

सांगलीच्या हळदीच्या पेठेत पोती उचलणारे एक मामा आले होते, ते याच कारणाने लक्षात राहिले. डोळ्यांसाठी आले नव्हतेच, बायकोला दाखवायला आणलं होतं. पण बाकड्यावर बसलेल्या मामांचा श्वास मला आत खुर्चीवर ऐकू येत होता. विचारलं तर म्हणाले, हळदीच्या धुळीने दमा जुनाच आहे, पण अलीकडे जिना चढवत नाही. पंप वाढवला, गोळ्या बदलल्या, फरक नाही. खिशातून बाटली काढली: टिमोलॉल, कुणीतरी डोळ्याच्या दाबासाठी दिलेलं. डॉक्टरने दम्याचं विचारलं नव्हतं आणि मामांनी सांगितलं नव्हतं. डोळ्याच्या थेंबाचा छातीशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण टिमोलॉल हे हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या, श्वासनलिका आवळणाऱ्या औषधांच्या घरातलं आहे. दमेकऱ्याला ते देऊ नये, आणि ज्याची नाडी मुळात मंद आहे त्यालाही देऊ नये. मधुमेहाच्या पेशंटमध्ये साखर उतरल्यावर होणारी धडधड त्याने झाकली जाऊ शकते, तेव्हा तिथेही जपून. मामांचं औषध बदललं आणि छातीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. नवीन पेशंटला टिमोलॉल लिहायच्या आधी मी मनगट हातात घेते. डोळ्याची बाई नाडी का बघते, म्हणून लोक चमकतात.

प्रत्येक औषधाला अशी एखादी खोड असते. ब्रिमोनिडीनने तोंड सुकतं, म्हाताऱ्या माणसाला दिवसा गुंगी येते, कुणाचे डोळे महिन्यांनी अचानक लालभडक होतात. तान्ह्या मुलांना तर ते देऊच नये, श्वास मंदावतो. लॅटानोप्रोस्टने डोळे सुरुवातीला लाल दिसतात, पापण्यांचे केस लांब आणि काळे होतात, डोळ्याभोवतीची कातडी सावळते. एका शिक्षिकेला एकाच डोळ्यात ते चालू होतं. वर्गातल्या मुलीने विचारलं, “बाई, तुम्ही एकाच डोळ्याला काजळ घालता का?” आणि त्या दुसऱ्या दिवसापासून औषध बंद करून बसल्या. आधी सांगितलेलं असतं तर त्या घाबरल्या नसत्या. मी आता बाटली हातात देतानाच सांगते.

दाब फार चढला तर असेटाझोलॅमाइडची गोळी द्यावी लागते. तिने हातापायाला मुंग्या येतात हे पुस्तकात असतं, आम्ही ते सांगतोही. पण तिने लघवीला सारखं लागतं, आणि जतहून मिरजेला एसटीने यायचं तर बाईमाणसाने काय करायचं, हे पुस्तकात नसतं. तपासणीच्या दिवशी बायका गोळी चुकवून येतात आणि त्या दिवशीचा दाब नेमका वर दिसतो. हे मला एका मावशींनी खालच्या आवाजात, मुलगा बाहेर गेल्यावर सांगितलं. तेव्हापासून मी बायकांना हे आपणहून विचारते आणि प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ कशी बसवायची तेही ठरवून देते.

काचबिंदूत औषधाचा गुण डोळ्यांदेखत दिसतो असा एकच प्रसंग असतो, तो म्हणजे अचानक दाब चढतो तेव्हाचा. यात मोरी हळूहळू तुंबत नाही, बुबुळामागचा पडदा पुढे येऊन ती एकदम बंद करतो. कराडजवळच्या एका गावातल्या बाई रात्रभर ओकत होत्या, अर्धं डोकं फुटत होतं. गावात पित्त म्हणून सलाईन लावलं होतं. सकाळी आणलं तेव्हा एक डोळा लाल, बुबुळ धुरकट, आणि मिटलेल्या पापणीवरून बोट लावलं तर डोळा गोटीसारखा टणक. दाब पन्नासच्या वर. शिरेतून मॅनिटॉल सोडलं, असेटाझोलॅमाइड दिलं, थेंब सुरू केले. दाब थोडा उतरेपर्यंत पायलोकार्पीन थांबवावं लागतं, कारण इतक्या दाबाखाली बाहुली आवळणारा स्नायू बधिर झालेला असतो, औषधाला जुमानत नाही. दुपारपर्यंत ओकाऱ्या थांबल्या, बाईंनी चहा मागितला. पुढे लेझरने पडद्याला बारीक छिद्र पाडलं, आणि दुसऱ्या चांगल्या डोळ्यालाही पाडलं, कारण त्याची ठेवणही तशीच होती. या बाई औषध कधी चुकवत नाहीत. त्यांनी तो ठणका सोसलाय. ज्यांचा दाब न दुखता, गुपचूप चढलेला असतो त्यांच्याच बाबतीत माझी खरी झटापट असते.

म्हणून थेंब रोजच्या कुठल्या तरी ठरलेल्या गोष्टीला बांधायचा. मोबाइलचा गजर मी सुचवून बघितला. गजर वाजतो, माणूस तो बंद करतो. फलटणकडच्या एका वारकरी आजींनी मला यातली युक्ती दिली. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते आणि आजी दरवर्षी दिंडीत चालतात. मी काळजीत होते की वारीत औषध बुडणार. आजी म्हणाल्या, “हरिपाठ काय बुडतो का? हरिपाठ झाला की थेंब.” घरी असोत की तंबूत, हरिपाठ संपला की बाटली बाहेर येते, आणि शेजारी बसलेली दिंडीतली कुणीतरी बाई थेंब घालते. ही युक्ती मी पुढे कितीतरी जणांना वेगवेगळ्या रूपात दिली: तुळशीपुढचा दिवा, गाईची संध्याकाळची धार, नऊची मालिका. मिरजेतले मुसलमान पेशंट रमजानमध्ये दिवसा थेंब बंद करत, रोजा मोडेल म्हणून. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. रात्री एकदाच घालायचं औषध असेल तर प्रश्नच येत नाही, आणि दोन वेळा असेल तर एक सहरीच्या आधी, एक इफ्तारनंतर. एका मौलवींनी आपणहून हे चार लोकांना सांगितलं, त्याचा माझ्या सांगण्यापेक्षा जास्त उपयोग झाला.

साठवणुकीचा प्रश्न माण-खटावात मला पहिल्यांदा कळला. लॅटानोप्रोस्टची न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. फोडल्यावर पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत साधारण सहा आठवडे चालते. मे महिन्यात म्हसवडला पंचवीस अंश कुठून आणायचे? ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनाही सांगावं लागतं की बर्फाच्या कप्प्यात नको, दाराच्या खणात ठेवा. आणि मेंढरं घेऊन वर्षाचे कितीतरी महिने घराबाहेर असणाऱ्या धनगराला तर घरच्या फ्रिजचा काही उपयोग नाही. त्याला मी बायमॅटोप्रोस्टसारखं फ्रिज न लागणारं औषध लिहिते, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या भांड्याजवळ सावलीला ठेवायला सांगते, घोड्यावरच्या सामानात उन्हाला नको. औषध निवडताना दम्याइतकाच हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे: तुम्ही रात्री झोपता कुठे?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेने आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. मिरजेतल्या एका शाळेतल्या निवारा छावणीत आम्ही काही डॉक्टर जात होतो. टेबलापुढच्या रांगेतली माणसं बीपीच्या गोळ्या मागत, साखरेच्या गोळ्या मागत, इन्सुलिन मागत. थेंब कुणीही मागितले नाहीत. मग मी वर्गावर्गांतून फिरत विचारायला लागले, “डोळ्यात रोज औषध घालणारं कुणी आहे का?” तेव्हा एकेक हात वर झाला. “आता पुरात डोळ्याचं काय घिऊन बसता बाई,” असं एक आजी म्हणाल्या. घर पाण्यात असताना त्यांचं म्हणणं मला समजत होतं. पण त्यांच्या एका डोळ्याची नजर आधीच गेलेली होती आणि दुसरा त्या थेंबावर टिकून होता. पेठेतली औषधांची दुकानं पाण्याखाली होती, बाटल्या बाहेरगावाहून मागवाव्या लागल्या. आपत्तीच्या वेळी लागणाऱ्या औषधांची यादी करताना काचबिंदूचे थेंब त्यात असावेत, हे तेव्हापासून मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

कधी कधी थेंबानेच काचबिंदू होतो, ही या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट. उन्हाळ्यात माणदेशी धुळीत मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात. पाच ते पंधरा वयाच्या मुलग्यांत हे जास्त. कुणीतरी डॉक्टर आठवड्यासाठी स्टिरॉइडचे थेंब देतो: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, असलं काहीतरी. दोन दिवसांत खाज जाते. घरच्यांना वाटतं, काय झकास औषध आहे. मग जुनी चिठ्ठी किंवा नुसतं रिकामं खोकं दाखवून मेडिकलमधून तेच आणलं जातं, महिनोन् महिने. काही मुलांच्या डोळ्यांना स्टिरॉइड सोसत नाही, दाब चढत जातो, दुखत काहीच नाही. खटाव तालुक्यातल्या एका मुलाला शाळेच्या तपासणीत फळा दिसत नाही म्हणून पाठवलं होतं. चष्म्याचा नंबर तपासायला आलेला मुलगा. नस बघितली तर निम्म्याहून अधिक सुकलेली. स्टिरॉइड बंद केलं, दाब उतरवणारे थेंब दिले, पुढे दाब ताब्यात आला. नस मात्र गेली तेवढी गेली. वडील सारखे म्हणत होते, “आम्ही तर औषधच घालत होतो.” स्टिरॉइडचे थेंब डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. दुकानदाराने नाही म्हणावं, आणि आम्ही डॉक्टरांनी चिठ्ठीवर “इतके दिवस, नंतर बंद” हे मराठीत आणि ठळक लिहावं. दोन्हीत कसूर होते आणि किंमत पोर मोजतं.

पैशाचंही सांगायला हवं. टिमोलॉल स्वस्त आहे, रात्री एकदा घालायची औषधं त्याच्या काही पट महाग, आणि हा खर्च जन्मभराचा. उसाचं बिल आलं की औषध येतं, बिल लांबलं की बाटलीही लांबते. जनऔषधी दुकानांनी थोडा आधार दिलाय. आता लेझरचाही पर्याय पुढे येतोय. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सुरुवातीलाच लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांचा दाब तीन वर्षांनंतर एकाही थेंबाशिवाय ताब्यात होता. थेंब ज्यांच्या हातून होणारच नाहीत, अशांच्या बाबतीत मी हल्ली लेझरचा विचार लवकर करते. पण लेझरचं यंत्र तालुक्याच्या गावी नसतं, आणि लेझरनंतरही तपासणीला यावं लागतंच.

थेंबांचा उपयोग होतो का, यावर मला शंका नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, दाब चढलेला पण नस अजून शाबूत असलेल्या सोळाशेहून अधिक लोकांना पाच वर्षं बघितलं गेलं. औषध न घेतलेल्यांत ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेतलेल्यांत ४.४ टक्के. निम्म्याहून कमी. हा आकडा मी पेशंटच्या मुलांना सांगते, कारण निदान लवकर व्हायला हवं हे त्यातून समजतं. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा २०१० मधला अंदाज आहे, आणि दक्षिणेतल्या खेड्यांत झालेल्या पाहण्यांमध्ये ज्यांना तो सापडला त्यांच्यातल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना तो असल्याचं ठाऊकच नव्हतं. पेशंटच्या सख्ख्या भावाबहिणींना धोका जास्त, म्हणून मी प्रत्येक पेशंटला घरच्या माणसांची नावं विचारते आणि कोण कधी येणार ते चिठ्ठीच्या मागे लिहून देते.

विट्याच्या एका काकांचे धाकटे भाऊ असेच आले. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, हे भाऊ केरळात होते आणि दिवाळीला गावी आले की मोठ्या भावाने धरून आणलं. “मला समदं झ्याक दिसतंय,” हे त्यांचं पहिलं वाक्य. दाब दोन्हीकडे चढलेला होता. नस एका डोळ्यात कडेने पोखरलेली होती, आणि घेर मोजताना नाकाच्या बाजूला वरचा एक तुकडा त्यांना दिसत नव्हता. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला, मग विचारलं, “हे भट्टीमुळं झालं का?” मी म्हटलं, भट्टीमुळे नाही, पण भट्टीमुळे औषध मात्र विचार करून निवडायला हवं. खोली गरम, फ्रिज दुकानात नाही, दमा नाही, नाडी चांगली. बायमॅटोप्रोस्ट लिहिलं, रात्री एक थेंब, दुकानाचं शटर ओढून घरी गेल्यावर. कंपनीचं नाव तिकडे वेगळं असेल म्हणून मूळ औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि तिथल्या नेत्रतज्ज्ञांसाठी इंग्रजीत एक पत्र दिलं. मग त्यांना खाटेवर झोपवून थेंब घालायला लावला. पहिला कपाळावर पडला. दुसरा आत गेला.